हक्काचे पाणी

[पाठाविषयी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) हे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार, थोर कायदेपंडित आणि दलितांचे नेते होते. शाळेतील नळापासून महाडच्या तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून राज्यघटनेपर्यंतचा त्यांचा प्रवास या पाठात थोडक्यात सांगितला आहे.]

मुलांनो, मधली सुट्टी झाली की तुम्ही सर्वांत आधी कोठे धावता? पाण्याच्या नळाकडे! एकमेकांना ढकलत, हसत, ओंजळ पुढे करून तुम्ही पाणी पिता. तुमच्यापैकी कोणी उल्हासनगरचा असतो, कोणी अंबरनाथचा, तर कोणी बदलापूरहून लोकलने येतो. उल्हास नदी, बारवी धरण, चिखलोलीचे धरण अशा ठिकाणांहून आपल्या या भागाला पाणी मिळते. नळ सोडताना तुम्हांला कोणी विचारत नाही, “तुझी जात कोणती?”

पण एक मुलगा असा होता, की त्याला शाळेत नळाला हात लावण्याची परवानगी नव्हती. तो हुशार होता. त्याचे कपडे स्वच्छ होते. त्याचे वडील लष्करात सुभेदार होते. तरीही तहान लागली की त्याला शिपायाची वाट पाहावी लागे. शिपाई येऊन नळ सोडी, तेव्हाच त्याला पाणी मिळे. शिपाई नसला, तर त्या दिवशी तहानलेलेच राहायचे! वर्गातही तो इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसे आणि संध्याकाळी तो तुकडा परत घरी नेई. त्याला अस्पृश्य मानले जात होते, एवढाच त्याचा अपराध होता.

या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य प्रदेशातील महू येथे झाला. महू ही लष्कराची छावणी होती. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. वडिलांचे नाव रामजी आणि आईचे नाव भीमाबाई. भीमराव लहान असतानाच आई वारली. वडील नोकरीतून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यास राहू लागले. भीमरावांचे प्राथमिक शिक्षण तेथेच झाले.

आता त्यांच्या बालपणातील एक प्रसंग ऐका. मोठेपणी त्यांनी स्वतःच तो लिहून ठेवला आहे.

१९०१ सालची गोष्ट. वडील तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटायला बोलावले. नऊ-दहा वर्षांचा भीमराव आणि घरची मुले आनंदाने निघाली. नवे कपडे, बरोबर खाण्याचा डबा आणि पहिलाच आगगाडीचा प्रवास! मुले मसूर स्टेशनावर उतरली. पण त्यांना नेण्यासाठी कोणीच आले नव्हते. मुले निघाल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते.

स्टेशनमास्तरांनी आधी प्रेमाने चौकशी केली. पण मुलांची जात कळताच ते मागे सरकले. भाडे मिळत असूनही बैलगाडीवाले मुलांना गाडीत घ्यायला तयार होईनात. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला. त्याची अट होती, की गाडी मुलांनीच हाकावी, तो पायी चालेल.

वाटेत मुले जेवायला थांबली. जवळच्या प्रवाहातील पाणी शेण-चिखलाने घाण झालेले होते. डब्यात अन्न होते; पण पाण्यावाचून घास गिळणार कसा? मुले तशीच उठली. रात्री डोंगराच्या पायथ्याशी एका नाकेदाराची झोपडी लागली. गाडीवान म्हणाला, की खरे सांगाल तर पाणी मिळणार नाही. मुसलमान आहोत असे सांगून पाहा.

भीमराव एकटा पुढे गेला. त्याला उर्दू चांगले येत होते. तो नाकेदाराशी उर्दूत बोलला आणि पाणी मागितले. पण नाकेदाराने पाणी दिले नाही. मुले त्या रात्री उपाशी आणि तहानलेलीच गाडीत झोपली.

वर्गात हा प्रसंग वाचला, की एक प्रश्न हमखास येतो : “पण त्याने खोटे का सांगितले?” मुलांनो, या प्रश्नाचा नीट विचार करा. खोटे बोलणे वाईट, हे खरेच. पण घोटभर पाण्यासाठी एका लहान मुलाला आपले नाव आणि आपली जात लपवावी लागते, तेव्हा दोष कोणाचा? त्या मुलाचा, की त्याला खोटे बोलायला लावणाऱ्या समाजाचा? आपल्या घरात, आपल्या शाळेत जी भाषा आपण रोज सहज बोलतो, त्याच भाषेत त्या रात्री एका तहानलेल्या मुलाने पाणी मागितले होते. हे आपण विसरता कामा नये.

त्या रात्रीची तहान भीमराव कधीच विसरला नाही. पण तो रडत बसला नाही. त्याने पुस्तकांची कास धरली. पुढे कुटुंब मुंबईस आले. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९१२ साली ते बी. ए. झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे लंडनमध्येही त्यांनी अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास केला. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते बॅरिस्टर होऊन परत आले.

परदेशात त्यांना कोणी जात विचारली नव्हती. मायदेशी मात्र काहीच बदलले नव्हते. बॅरिस्टर झालेल्या माणसाच्या बांधवांना अजूनही गावाच्या विहिरीवर जाता येत नव्हते. जुलै १९२४ मध्ये त्यांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली. शिक्षण घ्या आणि आपल्या हक्कांसाठी एकजुटीने उभे राहा, हा त्यांच्या सर्व कार्याचा गाभा होता. लोक त्यांना प्रेमाने ‘बाबासाहेब’ म्हणू लागले.

आता महाडची गोष्ट. महाड हे कोकणातील गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. आज तो रायगड जिल्हा आहे. तेथे चवदार तळे नावाचे मोठे सार्वजनिक तळे आहे. हिंदू, मुसलमान आणि इतर धर्मांचे लोक तेथे पाणी भरत. गुरेढोरेही तेथे पाणी पीत. फक्त अस्पृश्यांना बंदी होती. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असे ठरवले होते. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. पण हे सारे कागदावरच राहिले. तळ्यावर जाण्याचे धाडस कोणी करीना.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. हजारो माणसे जमली. २० मार्चला सर्व जण चार-चारांच्या रांगेने शांतपणे तळ्याकडे निघाले. बाबासाहेब सर्वांच्या पुढे होते. ते तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्यामागून हजारो ओंजळी पुढे झाल्या.

ते पाणी प्यायल्यावाचून कोणी मरणार होते का? नाही. त्या दिवशी प्रश्न तहानेचा नव्हता. ‘आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत’ हे दाखवण्यासाठी ते पाणी घेतले होते.

पण हे काहींना सहन झाले नाही. ‘हे लोक आता मंदिरात शिरणार’ अशी खोटी अफवा पसरवण्यात आली. परतणाऱ्या लोकांवर काठ्यांनी हल्ले झाले. अनेकांची डोकी फुटली. त्या वेळी काहींना गावातील मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेबांच्या लोकांची संख्या मोठी होती. त्यांनी मनात आणले असते, तर मारामारी वाढली असती. पण बाबासाहेबांनी सर्वांना शांत राहण्यास सांगितले. पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा महाडला सत्याग्रह परिषद बोलावली. या वेळी मंडपासाठी कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्यासारखे अस्पृश्य नसलेले सहकारीही बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले. मात्र विरोधकांनी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. म्हणून बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला आणि न्यायालयात लढायचे ठरवले. हा लढा सुमारे दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! केवढा हा धीर!

मुलांनो, बाबासाहेबांचा आपल्या भागाशीही संबंध आला होता. महाडच्या पहिल्या परिषदेनंतर थोड्याच दिवसांत, मे १९२७ मध्ये, बदलापूरला शिवजयंतीचा उत्सव झाला. त्या उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवले. महाडच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. एका गावात त्यांच्या माणसांना पाणी घेतले म्हणून मार बसला होता आणि दुसऱ्या गावाने त्यांना मानाने अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवले. बदलापूर स्टेशनावर उतराल तेव्हा ही गोष्ट अवश्य आठवा.

आता एक कडू प्रसंग सांगणे भाग आहे. चांगले तेवढेच सांगितले, तर धडा अपुरा राहील. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने सर्व जण माखले होते. किल्ल्याबाहेरच्या हौदावर त्यांनी हात-तोंड धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान धावत आला आणि यांनी हौद बाटवला म्हणून ओरडू लागला. पाहता पाहता गर्दी जमली आणि सर्वांना शिव्या देऊ लागली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो काय? एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय? त्यावर कोणालाही उत्तर देता आले नाही.

मुलांनो, महाडचे फत्तेखान आपलेच आणि दौलताबादची ती गर्दीही आपलीच. मोहरममध्ये आपण ठिकठिकाणी सबील लावतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाणी देतो. सबिलीवर कोणाचे नाव-गाव विचारायचे नसते, हे तुम्हांला तुमच्या आजी-आजोबांनी शिकवले असेल. मग दौलताबादला हे का आठवले नाही? भेदभाव हा असा रोग आहे, की तो एका घरातून दुसऱ्या घरात सहज जातो. म्हणून प्रत्येकाने आधी आपले घर तपासावे.

बाबासाहेबांचे पुढचे कार्य फार मोठे आहे. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज यांची कामेही त्यांच्याकडे होती. दामोदर नदीच्या खोऱ्याची मोठी योजना त्यांच्या काळात आखली गेली. ज्या मुलाला शाळेच्या नळाला हात लावता येत नव्हता, तो आता देशाच्या नद्यांचे पाणी लोकांपर्यंत कसे न्यावे याचा विचार करीत होता!

देश स्वतंत्र झाला. बाबासाहेब देशाचे पहिले कायदामंत्री झाले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेचा मसुदा तयार करण्यासाठी समिती नेमली गेली. बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. फाळणीमुळे त्या काळी सिंधमधून आलेले हजारो निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहत होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला आपली राज्यघटना स्वीकारण्यात आली. २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली.

राज्यघटनेतील तीन कलमे लक्षात ठेवा. कलम १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते वापरण्यास कोणालाही अडवता येत नाही. चवदार तळ्याची गोष्ट येथे संपूर्ण देशाचा कायदा झाली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम ३० नुसार धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या पसंतीच्या शाळा चालवण्याचा हक्क आहे. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता आणि त्याचबरोबर राज्याची भाषा मराठीही शिकता, त्यामागे हाच विचार आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. १९९० साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ हा किताब दिला.

मुलांनो, कायदा झाला म्हणजे सर्व काम संपले असे नाही. कायदा नळापर्यंत पाणी आणतो. पण पेला पुढे करणारा हात आपला असतो. तुमच्या मोहल्ल्यात गटार साफ करायला, कचरा उचलायला माणसे येतात. दुपारच्या उन्हात त्यांनी पाणी मागितले, तर तुमच्या घरी ते कोणत्या पेल्यातून दिले जाते? घरातल्याच पेल्यातून, की दाराआड ठेवलेल्या वेगळ्या पेल्यातून? आज घरी गेल्यावर पाहा. वेगळा पेला दिसला, तर अम्मी-अब्बांशी नम्रपणे बोला. त्यांना मसूरच्या वाटेवरच्या त्या मुलाची गोष्ट सांगा. आपल्या बिरादरीबाहेरच्या एखाद्या मुलाला कोणी वर्गात दूर बसवत असेल, तर तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसा.

एवढे केलेत, तरी हा धडा तुम्हांला समजला असे म्हणता येईल.

शब्दार्थ व टिपा

ओंजळ – दोन्ही हातांचे तळवे जोडून केलेला खोलगट आकार
तहान – पाणी पिण्याची इच्छा, प्यास
गोणपाट – तागाचे जाडेभरडे कापड
नाकेदार – रस्त्यावरील नाक्यावर कर घेणारा माणूस
हमखास – नक्की, नेहमी
कास धरणे – आधार घेणे, मागे लागणे
पाणवठा – जेथे लोक पाणी भरतात ती जागा
तहकूब करणे – काही काळ थांबवणे, पुढे ढकलणे
मनाईहुकूम – एखादी गोष्ट करू नये असा न्यायालयाचा आदेश
बाटवणे – अपवित्र करणे
मसुदा – कायद्याचा किंवा लेखाचा कच्चा आराखडा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भीमरावांना शाळेत पाणी केव्हा मिळत असे?
(आ) मसूर स्टेशनावर मुलांना नेण्यासाठी कोणी का आले नव्हते?
(इ) महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी जागा कोणी दिली?
(ई) बदलापूरच्या कोणत्या उत्सवाचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषवले?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(अ) महाडच्या सार्वजनिक तळ्याचे नाव ______ तळे.
(आ) मुंबई उच्च न्यायालयाने ______ साली निकाल दिला.
(इ) राज्यघटनेच्या कलम ______ ने अस्पृश्यता नष्ट केली.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘त्या दिवशी प्रश्न तहानेचा नव्हता’ असे लेखक का म्हणतात?
(आ) महाडला हल्ला झाल्यावर बाबासाहेबांनी लोकांना शांत राहण्यास का सांगितले असेल?
(इ) लेखकाने महाड आणि दौलताबाद हे दोन्ही प्रसंग का सांगितले आहेत?

प्र. ४. भाषाभ्यास.
(अ) हक्क, जमीन, कायदा, दावा, वकील, तारीख हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द वापरून एक मराठी वाक्य लिहा.
(आ) उर्दूत ‘पानी’ हा शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत ‘पाणी’ नपुंसकलिंगी आहे. म्हणून ‘थंडा पाणी’ असे न म्हणता ‘थंड पाणी’, ‘स्वच्छ केलेले पाणी’, ‘ते पाणी’ असे म्हणतात. पुढील वाक्ये शुद्ध करून लिहा : (१) नळाचा पाणी गेला. (२) मी त्याला माझा पाणी दिला.
(इ) विरुद्धार्थी शब्द लिहा : स्वच्छ, खरे, कडू, सार्वजनिक, हजर.

प्र. ५. उपक्रम.
तुमच्या घरी येणारे पाणी कोणत्या नदीतून किंवा धरणातून येते, याची माहिती घरातील मोठ्या माणसांना विचारून मिळवा. ती मराठीत पाच ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.